चादरीचं दुसरं टोक

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी वेळेवर जेवते, काळजी करू नकोस. लाँड्रीतलं काम अंगवळणी पडलंय. हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालायच्या, दोघींनी मिळून. मला साध्या रुमालाची घडी येत नाही म्हणायचीस ना? आता येऊन बघ! मशिनांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही चादरीनेच बोलतो. हलका झटका म्हणजे "पुढे ये."

सोमवारी माझ्या जोडीदारणीचं टोक सारखं सैल पडत होतं. सकाळी मुकादम बाईंनी "सगळ्या ठीक ना?" विचारलं, तेव्हा तीही आमच्याबरोबर "हो" म्हणाली होती. मी खुणेने विचारलं, तर तिने "काही नाही" अशी मान हलवली. मग मी झटका दिलाच नाही. चादर ताणून धरून उभी राहिले. ढीग साचला, मुकादम बाई ओरडल्या. ओरडेनात का! शेवटी ती टोक न सोडता जवळ आली आणि माझ्या खांद्यावर कोसळली. तिचे वडील गेले होते. कामावर कुणालाच सांगितलं नव्हतं तिने.

बाबा चालायला लागले का गं? तू म्हणतेस, "बरे आहेत, आत्ताच झोपलेत." फोन कधीही केला तरी ते झोपलेलेच. आणि तेवढंच बोलताना तुझा आवाज सैल पडतो. मी आपली "बरं" म्हणून फोन ठेवते.

या रविवारी फोन ठेवणार नाही. तू लगेच काही बोलली नाहीस तरी चालेल. मी माझं टोक धरून उभी असेन.

तुझी,
धाकटी