कुसाबाईचा स्वेटर

२७ ऑक्टोबर २००२, रविवार

रवीचा फोन. साडेसहा मिनिटं. त्यातली चार कुसाबाईशी! मी मुद्दाम वेळ लावून बसले नव्हते, घड्याळ समोरच्या भिंतीवरच आहे.

"कुसाबाई, आई गोळ्या घेते ना? जिना उतरताना हात धरता ना तिचा?" अरे, मी इथंच उभी आहे, मला विचार की! आणि ही बया पण केवढी लाडात येते. "दादा, तुम्ही नका घोर करू, मी हाय ना." पोळ्यांना आणि धुण्याभांड्याला ठेवलेली बाई! गेल्या वर्षी माझा खुबा मोडला तेव्हा दोन महिने इथं राहिली, सगळं केलं. नाही कुठं म्हणतेय मी? पण त्याचं गुणगान किती दिवस ऐकायचं?

फोन ठेवल्यावर गालातल्या गालात हसत कणीक मळत होती. मीठ जास्त पडलंय म्हणून सांगितलं. पडलं नव्हतं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

मनोज येऊन गेला. रवीचा शाळेपासूनचा मित्र, तोही परदेशात असतो, सुट्टीवर आलाय. रवीनं त्याच्याबरोबर दोन पुडकी धाडली. एक उशीएवढं गुबगुबीत. एक पातळ, वहीएवढं. दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, रवीच्या अक्षरात.

पातळावर — आई. गुबगुबीतावर — कुसाबाई.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच.

मनोज म्हणाला, "काकू, तुमचं अगदी जपून उघडायला सांगितलंय हं." ग्रीटिंगला काय जपायचंय? दर दिवाळीला तेच येतं. पणतीचं चित्र आणि खाली त्याची आणि सुनेची सही. तेहेतीस वर्षं शाळेत पोरांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतली, स्वतःच्या पोराकडून मात्र दोन सह्या!

पातळ पुडकं मी उघडणारच नाही. राहू दे तसंच.

२ नोव्हेंबर, धनत्रयोदशी

उघडलं. माझं नाही — तिचं. घरात आलेली वस्तू घरच्या मोठ्या माणसानं आधी बघितली तर बिघडलं कुठं?

स्वेटर. मोरपंखी. समोर बटणं, दोन्हीकडे खिसे. इतका मऊ की हात फिरवतच राहिले. सकाळी सहाला येते ना ती थंडीत, म्हणून. आणि मला काय थंडी वाजत नाही का? सहा वर्षं झाली त्याला परदेशी जाऊन. मला कधी स्वेटर?

घालून बघितला. बाह्या कशाबशा चढल्या, बटणं काही लागेनात. वीतभर अंतर राहिलं. कुसाबाई काटकुळी आहे. त्याला तिचं माप बरोबर ठाऊक!

फार रडू आलं. स्वेटर काढून कपाटात कोंबला, जुन्या चादरींच्या मागे.

५ नोव्हेंबर, पाडवा

आज जे केलं ते लिहू की नको असं झालंय. पण इथं नाही लिहायचं तर कुठं?

कुसाबाईला दरवर्षी पाडव्याला साडी, फराळाचा डबा आणि ओटी. या वर्षीही तेच दिलं. साडी चांगलीच घेतली आहे, मेनरोडवरून. आणि वर रवीचं ते पातळ पुडकं. चिठ्ठी बदलून.

बदलली मी! पातळावरची "आई" सोलून काढली, तिथं "कुसाबाई" लावली. तिला वाचता येत नाही, म्हणजे चिठ्ठीचीसुद्धा गरज नव्हती. तरी लावली. ग्रीटिंगवरचं चित्र तिला पुरे आहे. मला कार्ड आणि तिला स्वेटर — मग होऊ दे की एकदा उलट!

"दादांनी माझ्यासाठी धाडलं?" पुडकं कपाळाला लावलं तिनं. माझ्या पाया पडली. मी म्हटलं, घरी जाऊन उघड.

६ नोव्हेंबर, भाऊबीज

कुसाबाई पेठला, भावाकडे. ओटा मीच पुसला. कंबर धरली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आली आज. तोंड एवढंसं. मी विचारलं, "काय गं, आवडलं का रवीनं पाठवलेलं?" माझ्याकडे बघेचना. "व्हय," म्हणाली आणि मोरीत गेली.

म्हणजे रुसली! मोठं काहीतरी येईल म्हणून आशा लावून बसली असणार. मला आतून जरा बरं वाटलं. वाटलं ते वाटलं.

पण नंतर बाहेरच्या खोलीत येऊन बघते तर ही रवीच्या फोटोसमोर उभी. पदरानं काच पुसतेय. पुसतेय कसली, हात फिरवतेय! डोळ्यांत पाणी. माझ्या मुलाच्या फोटोवर! "फडकं नाही का घरात?" म्हणून ओरडले. दचकली. भांडी घासायला बसली.

१० नोव्हेंबर, रविवार

रवीचा फोन. गेल्या रविवारी दिवाळीच्या गर्दीत लाइन लागली नाही म्हणाला. आज आधी माझ्याशी.

"आई, उघडलंस?"
"उघडलं."
"मग? काहीच बोलत नाहीस?"

स्वेटरबद्दल विचारतोय असं क्षणभर वाटलं, मग आठवलं, माझं ते पातळ पुडकं. काय सांगणार? आत काय होतं तेच ठाऊक नाही. आणि रागही होताच. म्हटलं, "बरं आहे. पण या वयात मला काय कौतुक असल्याचं? एवढ्या लांबून कशाला पाठवायचं? ठेवून दिलंय कपाटात."

 

"तृप्ती फार वाट बघत होती गं, तू काय म्हणतेस याची."
"तिला सांग, पोचलं म्हणून."
"ठीक आहे," म्हणाला. कुसाबाईला दे फोन, असंसुद्धा म्हणाला नाही. ठेवलाच.

एवढं लागलं एका कार्डावरून? आणि सुनेच्या मनाची केवढी काळजी! नऊ वर्षं झाली लग्नाला. चार वर्षांपूर्वी मी तिला मुलाबाळाचं एक वाक्य बोलले, तेव्हापासून विषय काढायची सोय नाही घरात. तेव्हाही त्यानं असाच फोन ठेवला होता.

११ नोव्हेंबर, सोमवार

कुसाबाईचा उपास. चहासुद्धा घेतला नाही. "कार्तिकी सोमवार धरलेत." कधी धरत नव्हती! कुणासाठी म्हटलं तर तोंडाला कुलूप.

१७ नोव्हेंबर, रविवार

फोन नाही. आठपासून खुर्चीतून हलले नाही. बारा वाजले.

कुसाबाईनं दोनदा विचारलं, "दादांचा आला का हो? आवाज कसा होता मागल्या टायमाला? दमल्यावानी?" तुला काय करायचंय गं! माझा मुलगा माझ्यावर रागावलाय आणि ही त्याच्या दमण्याची चौकशी करते. दोघांचं माझ्या पाठीमागं काही चाललंय का? मनोजकडून निरोप तर नाही देत हिला?

जाताना म्हणाली, "उद्या यायची नाय. त्र्यंबकला जायचंय. बोललेय देवाला." माझ्या घरची भांडी पडू देत, नाही का!

१८ नोव्हेंबर, सोमवार

ठरलं. महिना भरला की दुसरी बाई बघायची. शेजारच्या पुतळाबाईंना सांगून ठेवलं. रवी विचारील तेव्हा विचारील. विचारतोय कुठं तो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

 

सकाळी कुसाबाई आली. पाय सुजलेले. त्र्यंबकेश्वराला चालत गेली होती, अनवाणी! प्रसाद हातावर ठेवला आणि मटकन खालीच बसली.

"बाई, आता नाय ऱ्हावत. दादांनी तुमच्यापासून लपवलं, मी बी लपवलं. तुम्हाला सोसायचं नाय म्हणून मला धाडलं असंल त्यांनी. पण आई हायसा तुम्ही. तुम्हाला ठावं पाहिजे." पिशवीतून ते पातळ पुडकं काढलं. "दादांच्या पोटाचा फोटो हाय. आत गाठ दिसती. माझ्या भावाच्या पोटाचा असाच काळा फोटो काढलेला."

काळा कागद. गुळगुळीत. मधे पांढुरकं काहीतरी, वाटाण्याच्या शेंगेएवढं.

पंधरा दिवस ही बाई तो कागद देवाजवळ ठेवून बसली होती. कुणाला दाखवला नाही. "दादांचं दुखणं चारचौघांत कशाला?"

मी उलटा केला. मागे रवीचं अक्षर. "आई, चौथा महिना लागला. तृप्ती ठीक आहे. अजून कुणालाच सांगितलेलं नाही. सगळ्यांत आधी तुला."

आणि मी काय म्हणाले होते? या वयात मला काय कौतुक असल्याचं. ठेवून दिलंय कपाटात. देवा रे!

"बाई, लय वाईट हाय का?" कुसाबाई विचारत होती. तिला सांगितलं, अगं, गाठ नाही, बाळ आहे. तृप्तीच्या पोटातलं. आधी तिला खरंच वाटेना. मग तिनं मला मिठीच मारली. मी इतकी रडले, इतकी रडले, की तिनंच पाणी आणून पाजलं.

लगेच फोन लावला. तृप्तीनं घेतला. म्हटलं, "पोरी, मी आत्ता बघितलं गं, आत्ता. मेल्या हाताला माझ्या आत्ता मिळालं." तिकडून तिचं रडू ऐकू आलं.

कुसाबाईनं नंतर विचारलं, "मंग माझ्याकडं कसा आला फोटो?" मी म्हटलं, मनोजनं घोळ घातला असेल.

२० नोव्हेंबर, बुधवार

चादरींच्या मागून स्वेटर काढून दिला. सांगितलं, मनोज नाही गं, मीच चिठ्ठ्या बदलल्या. मला तुझा हेवा वाटला. पुतळाबाईंना काय सांगून ठेवलं होतं तेही सांगितलं.

तिनं स्वेटर उलगडला. घातला. सगळी बटणं लागली. खिशात हात घातला तर घडी केलेला कागद. "वाचा की, बाई."

वाचला. "कुसाबाई, हे शेजारी कुणाकडून तरी वाचून घ्या. आई तिचं पुडकं उघडेल तेव्हा तिच्याजवळ थांबा. खूप रडेल ती, आणि घरात एकटी असेल."

चष्मा काढून डोळे पुसले.

"मंग?" कुसाबाई म्हणाली. "व्हतेच की मी."