दुसरं कडवं

कोपाकबाना, १० मार्च १९९८

चि. जुसारास आत्याचा आशीर्वाद.

नाही, तुझ्या आजोबांच्या त्या गाण्याचा मला काडीचा अभिमान नाही. तू विचारलं नाहीस, पण अख्खी इमारत विचारते, म्हणून सांगून टाकलं. खाली पावाच्या दुकानात आता त्याचं नवीनच रूप वाजतंय, नुसती धडधड. दुकानदार अदबीने म्हणतो, दोना नादिर, तुमचं गाणं. मी म्हटलं, पाव दे, शिळा नको.

त्याचा ठेका तुला शिकायचाय. त्यात शिकायचं काय? लहानपणी मला पोलिओ झाला. पायाला लोखंडी पट्ट्या बांधून घरभर फिरायचे. एक पाऊल पडायचं, दुसरं फरफटत मागून यायचं. तुझे आजोबा गिटारवर तेच धरायचे. आवाज अगदी खाली, कारण खालच्या मजल्यावरची दोना एउलालिया झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. लोक म्हणतात, काय हळुवार गातो. झाडूची भीती होती, दुसरं काही नाही.

मग जगाने गाण्यातली पोर, म्हणजे मी, समुद्रावर नेली, कंबर हलवायला लावली. डिस्कोत गेली, साबणाच्या जाहिरातीत गेली. प्रत्येकाने ठेका सरळ केला. माझा पाय डॉक्टरला जमला नाही, तो या ढोलवाल्यांनी बरा केला.

घेवडा शिजत आलाय, उठते. वेळेवर जेवत जा.

तुझी आत्या, नादिर

साओ पावलो, १९ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

आत्ये, पाववाल्याला तरी सोड. बातमी ऐक. आजोबांचं गाणं माझ्या पहिल्या तबकडीत घेतायत. बाबा जायच्या आधी म्हणाले होते की त्याला दुसरं कडवं होतं, तुझ्या पट्ट्यांचं, आणि ते आता तुलाच येतं. तबकडीच्या कंपनीला सांगितलं तर सगळे उठून उभेच राहिले. चित्रफितीत नाचणाऱ्या सगळ्या पोरी चंदेरी पट्ट्या बांधून लंगडत चालणार. तू एकदा खरी सगळ्यांना दिसशील. कडव्याशिवाय ते मला घेणार नाहीत, गं. लगेच पाठव. रागावू नकोस, माया आहे ती राहू दे.

तुझीच, जुसारा

कोपाकबाना, २४ मार्च

चि. जुसारास आशीर्वाद.

गाणं पहिल्यांदा तबकडीवर घेतलं तेव्हाही कंपनीचाच माणूस होता. आमच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत म्हणाला, समुद्राच्या गाण्यात लोखंड कोण ऐकणार? माझ्या बाबांनी, तुझ्या आजोबांनी, माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि हो म्हणाले. पहिलंच कडवं दोनदा गायले. तेव्हापासून सगळे तसंच गातात.

नंतर मात्र दर रविवारी दार लावून ते कडवं मला एकटीला म्हणून दाखवायचे. माफी मागायची त्यांना दुसरी रीत येत नव्हती. मीही ती तशीच घेतली.

आता तुला ती माफी चंदेरी करायचीय. धडधाकट पोरींना लंगडायला शिकवणार, आणि वर म्हणतेस मी दिसेन. तुझी तबकडी हुकेल हे मला कळतं. हुकू दे.

कडवं शब्दन्‌शब्द पाठ आहे. सांगणार नाही. पुन्हा विचारू नकोस.

नादिर