सगळ्यांचा कोट

शुक्रवार, २२ सप्टेंबर २००६, सोहार

आले बाई एकदाची. विमानात शेजारचा माणूस सगळा वेळ घोरत होता, त्याला ढोसून ढोसून माझंच कोपर दुखलं. सतीश न्यायला आला होता. पोट सुटलंय त्याचं. तसं तोंडावर सांगितलं, तर सून हसली आणि तो रुसला. मस्कतहून सोहार लांब आहे, पण रस्ता असा की पोटातलं पाणी हलायचं नाही. चौकाचौकांत सिमेंटच्या एवढाल्या किटल्या मांडून ठेवल्यात. माणसं थोडी, किटल्या मोठ्या.

घर दुसऱ्या मजल्यावर. एका खिडकीतून समुद्र, दुसरीतून कारखान्यांची धुराडी. तिथंच सतीश इंजिनियर आहे. बाहेर भट्टी आणि घरात एसी असा की दुपारी शाल लागते.

नात श्वेता नऊ वर्षांची. मला बघून म्हणाली, आजी, तू कसा आहे? म्हटलं, मी चांगला आहे, तू कसा आहे? तिला काही कळलंच नाही. घरात मराठी बोलायला आईबापाच्या जिभेला काय फोड आलाय देव जाणे, म्हणजे देव आम्ही मानत नाही, पण म्हणायची सवय. पोरगी लगेच माझ्या मांडीवर पाय टाकून झोपली. हाडं टोचतात तिची. राहू दिलं.

ईदच्या सुट्टीत आम्ही चौघं युरोपात जाणार. नदीतल्या बोटीवर राहायचं म्हणे आठवडाभर. माझा व्हिसा मुंबईतच काढून झालाय. नदीत आठवडाभर करायचं काय, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

सोमवार, २५ सप्टेंबर

रोजे सुरू झालेत. दिवसा रस्त्यावर चिटपाखरू नसतं. खालच्या मजल्यावर खुदेजा राहते, रत्नागिरीची, नवऱ्याचं कापडाचं दुकान. रोजा असला तरी तिचं तोंड बंद नसतं. मला म्हणाली, सुलोचनाबाई, तुम्ही बिनधास्त चहा घ्या माझ्यासमोर, मी काय लहान आहे का. मी घेतला. ती कपाकडे बघत बसली.

संध्याकाळी सतीशने बोटीबद्दल एजंटाने सांगितलेलं सगळं समजावलं. नदीतली बोट समुद्रातल्यासारखी डोलत नाही, त्यामुळे ओकाऱ्या नाहीत. दोन्ही काठ दिसत राहतात. रोज एका गावाला थांबते, उतरायचं, चालायचं, परत यायचं. खोली आपल्या मोरीएवढी, म्हणून सामान कमी. एक जाड कपडा घालण्यापेक्षा एकावर एक तीन पातळ घालायचे, उकडलं की एकेक काढायचा. कांद्यासारखं. बूट रबरी तळव्याचे, चपला अजिबात नाहीत. एका रात्री कप्तानाबरोबर जेवण असतं, तेव्हा चांगलं काहीतरी नेसायचं. म्हटलं, कप्तान माझ्याकडे बघणार आहे का? सून म्हणाली, आई, फोटो असतात. साडीच्या आत सतीशची लोकरी विजार घालायची ठरली. ती घालून बघितली. दोन गाद्या बांधून चालल्यासारखं वाटलं. श्वेता हसून हसून खाली पडली.

आणि वरून कोट लागतो. लांब, लोकरीचा.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

इथे कोट मिळत नाही. मिळणार कसा, कोण घेणार. म्हणून इथल्या मराठी मंडळाची एक रीत आहे. एकच चांगला कोट आहे. जो थंड देशात जातो त्याच्याकडे तो जातो. आल्यावर ड्रायक्लीन करून पुढच्याची वाट बघत कपाटात. कुणाचा मूळचा, कुणालाच आठवत नाही. सगळ्यांचा, म्हणतात. मंडळातल्या ज्या घरी जावं त्या भिंतीवर तोच कोट: बर्फात, मनोऱ्याखाली, कारंज्यापुढे. फक्त वरचं डोकं वेगळं.

आज तो रामकृष्णच्या घरून आला. रामकृष्ण सतीशचा वरचा साहेब. त्याची बायको स्वतः घेऊन आली, दारातच हातात दिला, बसली नाही. रोजा नाही तिचा, तरी पाणीसुद्धा घेतलं नाही.

कोट गडद हिरवा, बटणं रुपयाएवढी. वजन असं की कुणी खांद्यावर हात टाकून उभं आहे. डांबरगोळ्यांचा वास, आणि त्याखाली दुसरा, शेवाळलेल्या घाटाचा. खालच्या काठाला पांढरट रेघ आहे, पाणी सुकल्यावर उरते तशी. मी सुनेला विचारलं, शेवटी कोण गेलं होतं हा घालून? ती म्हणाली, काय माहीत आई, आम्ही आल्यापासून दोन वर्षं कुणी गेलेलं नाही.

मी घातला नाही. घालीन तिथे गेल्यावर.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

श्वेताला तो कोट फार आवडलाय. शाळेतून आली की अंगात घालते. तिच्या घोट्यापर्यंत येतो, बाह्या लोंबतात. एसीत थंडी वाजते म्हणते. मी म्हटलं, एसी बंद करू. नको म्हणाली.

चांगलं म्हणजे मराठी सुधारतंय पोरीचं. आज मला म्हणाली, आजी, जरा सरकून बस, माझे पाय आखडलेत. नीट, कुठेही न अडखळता. सून खूश. फोनवर आपल्या आईला सांगत होती, सासूबाई आल्याचा फायदा झाला. मीही फुगले, खोटं कशाला बोलू.

शनिवार, ७ ऑक्टोबर

फुगले होते ते उतरलं.

दुपारी खुदेजा वर आली होती. श्वेता कोट घालून खिडकीत बसलेली, समुद्राकडे तोंड. आम्ही बोलत होतो. पोरगी मागे न बघता म्हणाली, माका थंडी लागता. माझो झील खंय गेलो?

मी म्हटलं हे काय नवीन. माझं माहेर महाडकडचं, आम्ही असं बोलत नाही. खुदेजाचा चेहरा उतरला. म्हणाली, हे मालवणकडचं आहे, झील म्हणजे मुलगा. आमच्या घरातही असं कुणी बोलत नाही. शिकवलं कुणी हिला?

मग तिनेच सांगितलं, आवाज खाली घेऊन. रामकृष्णची आई मालवणची. दोन वर्षांपूर्वी ह्याच बोटीवर गेली होती, हाच कोट घालून. घाटावर जागा नसली की बोटी एकीला एक लावून उभ्या करतात, एका बोटीतून दुसरीत फळीवरून जायचं असतं. म्हातारीच्या पायात चपला. दोन बोटींच्या मधे गेली. काढली तेव्हा संपली होती. कोट भिजून एवढा जड झाला होता की दोन माणसांना उचलेना. घरच्यांनी तो वाळवला आणि बॅगेतून परत आणला. मंडळाचा होता ना, द्यायला हवा.

म्हणजे मेलीच्या अंगावरून काढलेला.

आमच्या आईच्या काळी गावात कुणी मेलं की मढ्यावरचं कापड आमच्या वाट्याला यायचं. हक्क म्हणायचे त्याला. आई त्यातलंच लुगडं नेसून बोहल्यावर उभी राहिली होती. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर तिने घरातलं तसलं सगळं कापड अंगणात जाळलं, आणि मला सांगितलं, उघडी राहा पण मेल्याचं अंगावर घेऊ नको. मी सोळा वर्षांची होते. आजवर घेतलेलं नाही. आणि आता इंजिनियराच्या घरी, माझ्या नातीच्या अंगावर.

मंगळवार, १० ऑक्टोबर

सतीशला सांगितलं. तो म्हणाला, आई, भूतखेत काही नसतं हे तूच मला शिकवलंस, पट्टी मारून शिकवलंस. खरं आहे. म्हटलं, भुताचं सोड, मढ्यावरचं आहे त्याचं काय? रामकृष्ण त्याचा साहेब, तरी फोन लावला. तिकडून तो म्हणाला, मावशी, दोनदा ड्रायक्लीन केलाय, मनात आणू नका. माझ्या आईची आठवण समजा.

मला कशाला तिची आठवण. तुझी आई, तू ठेव.

संध्याकाळी कोट श्वेताच्या अंगातून ओढून काढला. काढल्याबरोबर पोरगी कापायला लागली. ओठ निळे. बाहेर घाम फुटत होता आणि हिचे हात मासळीसारखे गार. सून रडायला लागली, परत घातला तिने. कापणं थांबलं.

डॉक्टर म्हणाले ताप नाही, काही नाही. हवापालट मानवेल.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

आज सुट्टी. दुपारी सगळे झोपलेले. दार उघडं दिसलं.

मी पायात काही न घालता धावले. रस्त्यावर कोणी नाही. वाळू तव्यासारखी. श्वेता कोट घालून पाण्यात शिरत होती, कमरेपर्यंत गेलेली. लाटांकडे बघून कुणाशी तरी बोलत होती. मी केस धरले. हो, केसच, हाताला तेच लागले. ती वळली आणि मला म्हणाली, चल गो बाय, फळी टाकल्यानी.

चेहरा पोरीचाच. नजर म्हाताऱ्या बाईची. मी म्हातारी आहे, मला कळते.

ओढून बाहेर काढली, सतीशला ओले कपडे दाखवले. तो म्हणाला, खेळायला गेली असेल. पण उठून दाराला वरची कडी घातली त्याने. तरी जाणार म्हणतो. बोटीवर हिच्या खोलीला कडी लावू म्हणतो.

तिथे फळ्या आहेत. तिथे तीच नदी आहे. कडीने काय होतंय. बोटीवर चढली की पोरगी आमच्या हाती लागत नाही, एवढं मला आज कळलं.

सोमवार, १६ ऑक्टोबर

कोट कचऱ्याच्या पेटीत टाकून आले. जिना चढून येते तर श्वेता जमिनीवर, दात वाजतायत, श्वास घेता येत नाही. धावत जाऊन परत आणला. दोन्ही हात पोरीला उचलायला हवे होते म्हणून कोट माझ्या खांद्यावर टाकला.

आणि ती शांत झाली. गालावर रंग आला. डोळे उघडून इंग्रजीत काहीतरी म्हणाली, पाणी मागितलं असावं. स्वतःच्या आवाजात.

मी कोट खाली ठेवला. पुन्हा कापणं. खांद्यावर घेतला. थांबलं.

म्हणजे अंग कुणाचंही चालतं त्या म्हातारीला. कुणाचं तरी हवं.

आईची क्षमा मागत नाही. ती असती तर तिनेही हेच केलं असतं. घातला. बटणंही लावली.

बुधवार, १८ ऑक्टोबर

श्वेता शाळेत गेली. उड्या मारत. मराठी पार विसरली, पुन्हा तू कसा आहे. ऐकून बरं वाटलं.

सून म्हणते आई आतापासूनच कोट का, उकडत नाही का. नाही उकडत. थंडी वाजते. पाठीत, ओली.

खुदेजा वर आली, मला बघितलं, दारातूनच म्हणाली, सुलोचनाबाई, हे काय करताय? म्हटलं, तू चहाकडे बघ, माझ्याकडे नको. हसली नाही.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

सतीशला सांगितलं, मी येत नाही. मी गेले तर कोट जाईल. कोट गेला तर पोरगी त्याच्या जवळ. तिघं जा. कोटाशिवाय, कांद्यासारखे कपडे घालून. बूट रबरी घाल तिला.

तो फार बोलला. आई हट्टी आहेस, लोक काय म्हणतील. मी उठून एसी बंद केला. मला ऐकूच येत नव्हतं नीट, कानात पाणी गेल्यासारखं.

मधे मधे सतीशचं नाव आठवत नाही. दुसरंच येतं तोंडात —

रविवार, २२ ऑक्टोबर

काल गेले. श्वेताने गाडीच्या खिडकीतून हात हलवला. मी बाह्या वर करून हलवला, बाह्या जड.

आज फोन आला. बोटीवर चढले. पोरगी धडधडीत इंग्रजीत बडबडत होती, एक अक्षर कळलं नाही. ऐकत राहिले.

ठीक आहे ती. तिकडे पाऊस आहे. इथे ऊन. पण माझ्या पायाखाली लादी ओली होते, पुसली तरी —

बटणं निघत नाहीत. कात्री लावली. लोकर कापत नाही. खुदेजाला बोलवावं का. नको. तिने हात लावला तर तिलाही —

सोमवार, २३ ऑक्टोबर

सकाळी वही उघडली. वर काही ओळी आहेत. अक्षर माझं. मी लिहिलेल्या नाहीत.

माका घराक जावचा आसा. झील न्हेणा नाय.

माझं नाव सुलोचना. महाडची. मुलगा सतीश. नात —

नात बोटीवर. नीट आहे. कोट माझ्याजवळ. म्हणजे ती नीट आहे. हे विसरायचं नाही. हे एवढं विसरायचं नाही.

दुपार. दार कुणी उघडलं. मी बसूनच होते.

समुद्र दिसतो इथून. बरा दिसता. थंड नाय. थंडी फकत हयसरच लागता, पाण्यात नाय —

नाही. मी जाणार नाही. कोट घालून इथेच बसणार, ती परत येईपर्यंत. खुर्चीचा दांडा धरला आहे डाव्या हाताने. श्वेता. श्वेता. तिच्या आजीचं नाव —

फळी टाकल्यानी. कोण तरी हात देता. बाये, चपला र्‍हवल्यो, र्‍हवांदे. चल गो, बोट सुट