नाडी नियमित

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुला लिहायला बसलोय. हा तिसरा कागद, आधीचे दोन फाडले. तुला वाचता येत नव्हतं. परीक्षेचं बोलावणं आलं की ते पोस्टकार्डही मीच वाचून दाखवायचो. परीक्षा डॉक्टर होणाऱ्या पोरांची, केस तू. लहानपणच्या तापात हृदयाची एक झडप आकसलेली, म्हणून दर वर्षी तुला मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात बोलवायचे. ठेवणीतलं लुगडं नेसून तू कोराडीहून बसनं निघायचीस, जशी काही लग्नाला. पोरं तुला तपासायची, मग परीक्षक त्यांना प्रश्न विचारायचे. आणि तू कॉटवर पडल्यापडल्या पोरांना हळूच सांगून टाकायचीस, "झडप आकसली म्हणा. नाडी बरोबर हाय."

"आई, ही चीटिंग आहे."

"माह्या छातीचं मी सांगते, त्यात कायची चोरी गा?"

पुढे मीच मेडिकलला गेलो. सुटीत घरी आलो की तू सांगायचीस, कोणत्या परीक्षकानं काय विचारलं, कोणत्या पोराची कुठं दांडी उडाली. ते सगळं मी एका वहीत उतरवलं. पहिल्याच पानावर तू. नाडी नियमित, खाली दोन रेघा. वही मी ट्रंकेत कुलपात ठेवायचो. होस्टेलवर माझ्या खोलीत कळमेश्वरचा एक मित्र होता, रविवारी आपल्याकडे जेवायला यायचा. एकदा तू त्याच्यासमोरच मला झापलंस.

"वही काहून लपवून राहिला? माहं काळीज मी साऱ्यायले दाखवते, अन् तुले कागद दाखवाले जीवावर येते?"

तो हसून म्हणाला, "राहू द्या काकू, टॉपर व्हायचं आहे त्याले."

दिली मी वही. लगेच दिली.

परीक्षेला आठ दिवस आहेत. स्वयंपाकघरात तू कुरडयांचा चीक घोटते आहेस, मी मध्येच थांबवून तुझ्या छातीला स्टेथोस्कोप लावतो. "बर्फ ठेवला काय गा!" तू ओरडतेस. मी ऐकतो. तीन ठोके, खंड, दोन घाईचे, पुन्हा खंड. मनगट धरतो, तिथंही तेच. कसला ठेकाच नाही.

"बरोबर हाय ना?"

"हो. नेहमीसारखंच."

परीक्षा झाली की सांगू, उगाच आता घाबरेल. असं मी ठरवलं. निदान ठरवलं असं तरी स्वतःला सांगितलं.

आणि परीक्षेत तू नेमकी त्या मित्राच्या वाट्याला आलीस. मी शेजारच्या कॉटपाशी दुसऱ्या पेशंटचं पोट चाचपत होतो, सगळं ऐकू येत होतं. "नाडीची फिकर नको करू बाबू, बरोबर हाय." त्यानं मनगट धरल्यासारखं केलं आणि सोडलं. परीक्षकांनी विचारलं, तो म्हणाला, नियमित. त्यांनी पुन्हा विचारलं, तो पुन्हा तेच म्हणाला. मग त्यांनी स्वतः तुझा हात धरला. बराच वेळ धरला.

तो नापास झाला, त्याचे सहा महिने वाया गेले. तुला परीक्षेच्याच दिवशी ॲडमिट करून घेतलं. हातात वही घेऊन तो तुला भेटायला आला, तर तू उशीवरून डोकं उचलून त्याला हात जोडलेस.

"माह्यानं झालं रे बाबू. माहं काळीजच असं फिरलं."

"काकू, तुमचा काय कसूर? मीच नाही पाहिली नीट."

माझ्याकडं कुणी पाहिलंही नाही. मी पायथ्याशी उभा राहून तुझा तक्ता वाचत होतो. पुढची दोन वर्षं, तू होतीस तोवर, तो आला की दर वेळी तू त्याची माफी मागायचीस.

तुला घाबरवायचं नव्हतं, हे खोटं नाही. पण ते मला मागाहून सुचलं, आई. त्या दिवशी स्वयंपाकघरात, कानात नळ्या असताना, पहिल्यांदा मनात आलं ते वेगळंच होतं: हे वहीत नाही. हे फक्त मला माहीत आहे. आणि मला बरं वाटलं होतं.