परत आलेलं प्रस्थान

अण्णा,

तुमचा आवाज आठवायचा तर हल्ली मला आधी तुमची छत्री आठवावी लागते. टपाल कचेरीतून आल्यावर ती ओट्यावर झटकताना तुम्ही काहीतरी पुटपुटायचात, त्यातून मग आवाज सापडतो. आज तो सकाळपासून कानात आहे, कारण खाली अंगणात एक गाडी उभी आहे आणि शनिवारी मला तीत बसून तळ्याकाठी जायचंय. जायचंय म्हणजे, सगळे तसं धरून चाललेत.

गाडी कसली, घरच. इथे जर्मनीत, गेर्लिंगेनला, मी ज्याच्या माडीवर भाड्याने राहतो तो सुतार आहे, साठीकडे झुकलेला. त्याने एका बेकरीवाल्याची पाव वाहायची जुनी व्हॅन विकत घेतली आणि हिवाळाभर तिच्या पोटात दोन बाकं, घडीचं टेबल, कपबशांचं कपाट आणि गॅसची शेगडी बसवली. बाकं उघडली की बिछाने होतात. ऊन तापलं की आत अजून पावाचा वास सुटतो. म्हातारा लढाईतून पायी घरी आलेला, त्यामुळे आता कुठेही निघायचं तर पायमोजेसुद्धा आधी ठरतात. कितीतरी रविवार आम्ही नकाशावर ओणवे होऊन घालवले. बोडनझे नावाचं समुद्राएवढं तळं, पलीकडे स्वित्झर्लंड, आणि अलीकडच्या काठावर अशा गाड्यांसाठी राखलेलं कुरण. तिथे पाण्यापासून दुसऱ्या रांगेत आमची जागा पत्र पाठवून पक्की झालेली. बटाटे कोण सोलणार, पाणी कोण भरणार, तेही पक्कं.

"पाणी तू," तो मला म्हणाला.

"आणि पाऊस आला तर?"

"पावसातही पाणी तूच."

त्याची मुलगी हसली. अण्णा, त्या मुलीबद्दल तुम्हाला सांगायचंय आणि कसं सांगावं कळत नाही. ती बालवाडीत शिकवते, शिट्टी फार छान वाजवते आणि माझ्याशी लग्न करायला तयार आहे. आईला कळलं तर ती शिट्टीवरच अडेल. सहल त्यासाठीच आहे. आठवडाभर एका डब्यात राहून बापाला माणूस पारखायचाय. "बाबांना तू आवडतोस," ती म्हणाली, "पण ते म्हणतात, ह्याची पिशवी कायम दाराला टांगलेली." खरंच आहे ते. मुंबईच्या धक्क्यावरून बोटीवर चढलो, हाम्बुर्गला उतरलो, मग न्युरेम्बर्ग, मग इथल्या कारखान्यात. कुठूनही निघताना कुणाला सांगून निघालो नाही. म्हणून तिने अट घातलीय: तळ्यावर आलास तर राहायला आलास असं मी समजेन. येणार नसलास तर शनिवारच्या आत तोंडाने सांग, पळून जाऊ नकोस.

मला वाटायचं, मी तुमच्या अगदी उलटा निघालो. दिवाळी जवळ आली की तुम्ही भंडारदऱ्याच्या तळ्याचा विषय काढायचात. छपराची बैलगाडी ठरवायची, आत गवत, गवतावर गाद्या, मागे स्टोव्ह, आईच्या दशम्या, आणि झोपायचं गाडीतच, पाण्याच्या काठी. टपालाच्या खणांत पाकिटं टाकता टाकता सगळ्या मुलखाची गावं तुम्हाला पाठ झाली होती, त्यातलं एकही पाहिलेलं नव्हतं. एकदा मला कचेरीत नेलं होतंत. लाखेचा वास, गोणपाटाच्या थैल्या. मी हौसेने एक पाकीट भलत्याच खणात टाकलं, तर केवढ्याने ओरडलात, "अरे, तिकडे कुणीतरी वाट बघत असेल त्याची!" मग माझी डिंकाने चिकटलेली बोटं स्वतःच्या धोतराला पुसलीत. असो, कुठल्या कुठे गेलो.

निघायचा दिवस चांगला नसला की तुम्ही आधीच्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवायचात. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड रुमालात बांधून शेजारच्या काकूंकडे. पुरचुंडी घराबाहेर पडली की माणूस निघाला असं धरायचं. मग ती घरात परत आणायची नाही, जाताना उचलून पुढे जायचं. काकू ती देव्हाऱ्याजवळ ठेवायच्या आणि विचारायच्या, "यंदा तरी नेताय ना पोरांना, की तांदळात पोरकिडे होईपर्यंत मीच सांभाळू?" आणि दर वर्षी ती परत यायची. कधी रजा नामंजूर, कधी आईचा ताप. तांदूळ पुन्हा डब्यात.

शेवटच्या वर्षी गाडी दारात उभी आहे. रजा मिळालेली, आई ठणठणीत. मी केव्हाच गवतावर चढून बसलोय. तुम्ही काकूंकडे पुरचुंडी आणायला जाता, बाहेर येता आणि गाडीकडे न येता सरळ घरात शिरता. मग दारातून म्हणता, "डावा बैल लंगडतोय. नको. पुढच्या वर्षी बघू." गाडीवान नुसता बैलाकडे बघतो. पुढच्या वर्षी तुम्हीच नव्हतात.

तेव्हापासून ठरवलं, आपल्याला ना मुहूर्त, ना पुरचुंडी. मनात आलं की चालू पडायचं. आणि तोच मी परवा स्टुटगार्टला डॉक्टरेट करणाऱ्या पुण्याच्या मित्राकडे सुपारी मागायला गेलो. "काय रे, जर्मनांना विडे लावून देणारेस का?" तो म्हणाला. हळकुंड काही मिळालं नाही. तांदूळ-सुपारी रुमालात बांधली आणि कुणाला न सांगता व्हॅनमध्ये बाकाखाली खुपसली. म्हटलं, निघालो एकदाचा, आता माघार नाही.

आज दुपारी म्हातारा जिना चढून वर आला. हातात ती पुरचुंडी. "तर, हे तुझंच असणार. तांदूळ मी भरलाय, हा जास्तीचा होईल. आणि हे लाकूड कुठलं?" सुपारीवर नख ठोकून बघत होता, सुतारच तो. मग सहज विचारल्यासारखं, "कारखान्याने रजेचं काय कळवलं?"

"अजून काही नाही," मी म्हणालो.

"हं." तो निघाला, जिन्यात थांबला. "कळलं की सांग. पोरगी पाण्याचे डबे धुवून बसलीय."

रजा मिळून आठवडा होत आला, अण्णा.

प्रस्थान परत आलं म्हणजे अपशकुन. मला वाईट वाटायला हवं होतं, निदान भीती. पण ती पुरचुंडी हातात पडली आणि हायसं वाटलं, छातीवरचं ओझं कुणी उचलल्यासारखं. आणि लगेच तुमचा दारातला चेहरा दिसला. तोही असाच हलका झालेला होता. बराच वेळ पुरचुंडी घेऊन बसलो तेव्हा माझी चूक समजली. प्रस्थान कुणाच्या तरी हातात द्यायचं असतं. तुम्हाला काकू होत्या, टोमणा मारायला तरी. मी ते बाकाखाली लपवलं, कुणी विचारू नये म्हणून.

खाली ती शिट्टी वाजवत गाडीच्या काचा पुसतेय. आता उतरतो, पुरचुंडी तिच्या हातात देतो, सांभाळ म्हणतो. रजेचंही खरं सांगावं लागेल, आणि ते ऐकून ती काय म्हणेल ते मला ठाऊक नाही. कदाचित म्हणेल, आता तू नकोच येऊस. हे पाकीट तुम्ही तरी कुठल्या खणात टाकलं असतंत? माझ्या पिशवीतच राहू दे. फक्त एक लिहून ठेवतो, जे आईलाही कधी बोललो नाही. त्या दिवशी गाडीवान बैल घेऊन परत निघाला तेव्हा मी वळणापर्यंत मागे धावत गेलो होतो. डावा बैल लंगडत नव्हता.