दोन हातांवर

४ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तुझी सगळी मसलत पाण्यात गेली. अकरा वर्षांपूर्वी मी मनासारखं लग्न केलं तेव्हापासून बाबांनी मला टाकलं. तरी तू म्हणालास, त्यांचं ते जुनं बंदर बघायला म्हणून दिवसभरासाठी त्यांना तुझ्या गावी आणतो, तू चौकात कापडवाल्यापुढे उभी राहा. मी शहाणी, नऊपासून उन्हात उभी. आपलं घराणंच असलं, आधी बोलेल तो हरला. म्हणून ठरवलं, हाक मारायची नाही. थांबायचं तर थांबतील.

तू पाणी आणायला वळलास आणि बाबा भिंतीच्या कडेकडेनं एकटेच पुढे आले. तरुणपणी इथे रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते, एक अक्षर चुकलं नाही. मग मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं. दोन हातांवर होते रे. आणि पुढची पाटी वाचायला लागले. परक्या बाईलाही कुणी असं ओलांडत नाही. घरी येऊन मी भांडी आपटली.

आता मध्यस्थी पुरे. तब्येत सांभाळ, बहिणीला विसरू नकोस.

तुझी,
ताई

११ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मला चार थोबाडीत मार. बाबांना दिसत नाही, दोन वर्षांपासून. परतताना वेशीपाशी त्यांनी घड्याळवाल्याची पाटी झोकात वाचली. तिथे आता नुसती भिंत आहे. तेव्हा माझी ट्यूब पेटली. पाट्या सगळ्या पाठ आहेत त्यांना. घरातही पावलं मोजून चालतात, आणि मी बावळट समजत होतो, म्हातारपणी संथ झाले.

गाडीत हळूच विचारलं, ती आली नाही का. आपला बेत त्यांना आधीपासून ठाऊक होता. इस्त्रीचा सदरा उगाच नव्हता. तू हाक मारशील म्हणून मुद्दाम एकटे पुढे गेले.

काल तुझं पत्र वाचून दाखवलं. दोन हातांवर होते, हे तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, लिही तिला, मी हरलो, ये. रविवारी ये, भाऊजींना घेऊन.

लहानावर माया असू दे.

तुझा,
धाकटा

२१ मार्च

ती. बाबांस, शि. सा. न.

धाकट्या, मायना चुकला. हात आपोआप चालला. खोडवत नाही, राहू दे.

तुझं पत्र आणि बाबा झोपेत गेल्याची तार एकाच दिवशी आली. टपालवाल्यानं तार आधी दिली. पत्र मी गाडीत उघडलं. शेजारच्या अनोळखी बाईनं उतरेपर्यंत माझा हात धरून ठेवला.

स्वतःला दोष देऊ नकोस. मी तोंड उघडलं असतं तर पुरे होतं. जेवत जा, मला लिहीत जा, आता आपण दोघंच.

मी परत निघताना तू सांगितलंस, पत्र टाकल्यापासून ते दारात खुर्ची टाकून बसायचे आणि पायरीवर पाऊल वाजलं की विचारायचे, कोण. आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. तरी त्या दिवशी माणसांनी भरलेल्या घराची पायरी चढताना मी मोठ्यानं म्हणाले, बाबा, मी आहे. कोणी विचारलंच नव्हतं.

तुझी,
ताई