दिवाणखान्यात जन्मलेली लीग

हार्लो, ओहायो
मे १८७७

प्रिय कझायाताईस लव्हिनियाचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला, की अजून शेजाऱ्यांना उठवतो? तुझी खानावळ भरलेली असो आणि भाडेकरू ताटात काही न टाकणारे असोत.

इकडची खबर अशी, की आमच्या ह्यांनी बेसबॉलची लीग काढली. (हसू नकोस. पन्नाशीला माणसाला काहीतरी होतंच. बाबांना मधमाश्या झाल्या होत्या.) हिवाळ्यात गावोगावचे क्लबवाले आमच्या दिवाणखान्यात जमले, दार लावून घेतलं, आणि खेळाडूंना रीतसर पगार देणारी, नियमाने चालणारी लीग जन्माला घातली. मी अ‍ॅपल पाय वाढायच्या निमित्ताने सारखी आत जात होते, कारण मला राहवेना. एवढे दाढीवाले बाप्ये एका चेंडूवरून इतके का भांडतात? शेवटी ह्यांना विचारलंच, "अहो, पळणारा सगळ्यांची नजर चुकवून पुढच्या थांब्यावर जातो, म्हणजे बेस चोरतो, आणि लोक टाळ्या कसल्या वाजवतात? तुम्ही तर चर्चची दानपेटी सांभाळता!" तर म्हणाले, "लव्हिनिया, ती चोरी नियमात बसते." आता बोल!

नियम ह्यांनीच लिहिले. दुसऱ्या क्लबचा खेळाडू कुठल्याही क्लबने फोडायचा नाही, आणि ठरलेला सामना चुकवला तर क्लब लीगबाहेर. दोन्ही आता आमच्याच उरावर बसलेत. आमचा चेंडू टाकणारा डॉर्सी, त्याने लग्न केलं. सासू म्हणाली, "चेंडू फेकायचा पगार? हा काय पुरुषाचा धंदा झाला?" आणि जावयाला नेऊन कातड्याच्या कारखान्यात बसवलं. ह्यांनी त्याच्या जागी पाववाला उभा केला. त्याचा पहिला चेंडू पाद्रीबाबांच्या हॅटला लागला. दुसरा सापडलाच नाही. (कुंपणाच्या आत नाही, बाहेर नाही. मग गेला कुठे? मला खरंच जाणून घ्यायचंय गं.) शनिवारी सामना आहे. तोवर धड माणूस मिळाला नाही, तर लीग काढणाराच लीगबाहेर! ह्यांचं जेवणावरचं लक्ष उडालंय. मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं. एवढा जीव लावून उभं केलेलं असं मोडताना बघवत नाही.

असो. दाजींना नमस्कार, मुलांना पापे.

तुझी धाकटी,
लव्हिनिया

ता. क. : बेंटन क्लबचा तो डाव्या हाताने चेंडू टाकणारा सायलस तुझ्याकडेच राहतो ना? त्याला अ‍ॅपल पायचा मोठासा तुकडा वाढ आणि सहज विचार, बेंटनची हवा त्याला मानवते का? हार्लोची फार छान आहे म्हणावं. नियमात "क्लबने" फोडायचा नाही असं आहे. मी काय क्लब आहे?

ता. ता. क. : ह्यांच्या कानावर यातलं काही जाऊ देऊ नकोस. तत्त्वाचा माणूस, कळलं तर राजीनामा देतील.

कझायाताई, लव्हिनियाने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं. पत्र मी वाचलेलं नाही. शुक्रवारी सकाळची गाडी हार्लोला थेट येते, मध्ये बदलावी लागत नाही. — तुमचा मेहुणा, अल्वा